मणियारभाभींची शाळा

मणियारभाभींनी एकदा हात हातात घेतला की सुटका नसे. काचेच्या बांगड्या भरताना हात मध्येच ओढून घेता येत नाही. घेतला तर बांगडी जाते आणि वर काच रुतते ती वेगळीच. त्यामुळे समोरच्या बाईला मुकाट बसून ऐकावं लागे. कसबा पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोघी समोरासमोर बसल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं, एवढीच ती जागा. तेवढ्या जागेत बसून या बाईनं अख्ख्या पेठेशी एका शाळेवरून वाद मांडला होता, आणि तोही बायकांचे हात हातात घेऊन.

मी राहते नारायण पेठेत. बांगड्या तिकडेही मिळतात. पण माझी मनगटं म्हणजे देवानं घाईत केलेलं काम. कुठल्याही दुकानात गेले की काउंटरवरची पोरगी माझ्या हाताकडे बघून म्हणणार, "आंटी, तुमच्या साइजमध्ये काचेच्या नाही येणार, मेटलच्या दाखवू?" आंटी म्हणे! भाभींनी असं कधी म्हटलं नाही. त्या हात उलटा-सुलटा करून बघत, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून बघत आणि निकाल देत. "माप आहे. तुम्ही हात आवळून धरता. सैल सोडा, वहिनी." मग थोडं साबणाचं पाणी, बोटं एकत्र जुळवायची, आणि मी डोळे गच्च मिटून बसलेली असताना बांगडी मनगटावर येऊन खुळखुळायला लागायची. विमा कंपनीतली नोकरी संपेपर्यंत आणि संपल्यावरही मी हातांसाठी नारायण पेठेतून कसब्यात चालत जात राहिले. यातच काय ते आलं.

त्यांचं नाव झुबेदा, हे मला फार उशिरा कळलं. सगळी पेठ त्यांना मणियारभाभीच म्हणायची. ठेंगण्या, काटक, सुती साडी, डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा आणि त्या सारखा वर घ्यायच्या. नवरा गेल्यापासून स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती. त्या मोकळ्या मनगटांवर काचेच्या बारीक बारीक खुणा तेवढ्या होत्या. घराणं पुण्यात किती पिढ्यांचं, ते त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही. एकदा माझ्यासमोर कुठलीशी नवी बाई कौतुकानं म्हणाली, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता हो!" भाभींनी मान वर न करता पुढची बांगडी निवडली आणि म्हणाल्या, "तुम्हीपण बऱ्यापैकी बोलता." त्या बाईला ते कळलं की नाही देव जाणे. मला मात्र हसू आवरेना आणि हात हलला म्हणून मीच बोलणी खाल्ली.

दुकानात 'फुटली' हा शब्द चालत नसे. बांगडी वाढवली म्हणायचं, ही आपली सगळ्यांचीच रीत. भाभींनी त्यात दुसऱ्या एका शब्दाची भर घातली होती. 'बंद'. चौकातली कॉर्पोरेशनची शाळा बंद होणार असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?" उत्तर देता यायचं नाही. मग म्हणायच्या, "नाही ना माहीत? मग उगाच तोंडातून काढू नका."

या शाळेवर त्यांचा एवढा जीव का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पाचवीत असताना वडिलांनी त्यांना शाळेतून काढायचं ठरवलं होतं. मुलगी मोठी झाली, आता दुकानात बसू दे. तर वर्गाच्या बाई एका संध्याकाळी दुकानावर आल्या. भांडल्या नाहीत, कायदा सांगितला नाही. पायरीवर बसल्या, हातात बांगड्या भरून घेतल्या आणि भरेपर्यंत बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. "माझे वडील फार हट्टी होते, वहिनी. पण गिऱ्हाइकाला उठ म्हणता येत नाही ना! बाईंनी मला सातवीपर्यंत नेलं ते नुसतं बोलून बोलून." माणसाशी नीट बोललं की तो ऐकतो, ही भाभींची श्रद्धा तिथली. माझी तशी श्रद्धा नाही. मी विमा कंपनीत नोकरी केली आहे.

शाळेवर संकट आहे हे आधी भाभींनाच कळलं, कारण ते त्यांच्या दुकानातच रडलं. शाळेच्या मुख्याध्यापिका शिंदेबाई भाचीच्या लग्नासाठी चुडा भरायला आल्या होत्या. हिरव्या बांगड्या चढत होत्या आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी. भाभींना वाटलं, काच लागली. तर शिंदेबाई म्हणाल्या, "भाभी, येत्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला नाही तर आमचं समायोजन होणार." समायोजन म्हणजे ही शाळा उचलून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत नेऊन मिसळायची. कागदावर फार छान दिसतं. पण या शाळेतली मुलं म्हणजे धुण्याभांड्यांची कामं करणाऱ्या बायकांची, मंडईतल्या हमालांची, दुकानांतल्या नोकरांची. शाळेच्या वेळेला आईबाप कामावर गेलेले असतात. बोळातून चालत शाळेत येतात ती मुलं. तो रस्ता त्यांना एकट्यानं ओलांडता येणार नाही आणि सोबतीला घरात कुणी नाही. म्हणजे यातली निम्मी घरीच बसणार, हे सांगायला अधिकारी कशाला लागतो? शिंदेबाईंना तेच खात होतं.

त्या दिवसापासून भाभींनी मोहीमच उघडली. हात हातात आला की शाळा सुरू. संक्रांतीचे दिवस, दुकानात बायकांची रीघ. पहिल्या दोन बांगड्या हवापाण्याच्या, तिसरीला घरच्यांची चौकशी आणि चौथीला, "धाकट्याला पहिलीत कुठं घालताय?" इंग्लिश मीडियमचं नाव आलं की भाभी अजिबात चिडायच्या नाहीत. "चांगलं आहे. व्हॅन किती वाजता येते? अगंबाई, इतक्या लवकर? मग डबा कोण करतं? तुम्हीच? आणि अभ्यास? तुम्हालाच घ्यावा लागतो? मग शाळा नक्की काय करते?" बाईचा हात अडकलेला. एकदा तर डोहाळजेवणाचा चुडा भरायला आलेल्या एका मुलीला त्यांनी गाठलं. मुलगी सातव्या महिन्यातली. तिला म्हणाल्या, "मुलगा असो, मुलगी असो, शाळा आपली चौकातलीच." तिची सासू म्हणाली, "अहो भाभी, जन्माला तर येऊ द्या!" भाभी म्हणाल्या, "येणारच आहे. त्याचा पत्ता आधी सांगून ठेवते."

पण बोळात बसून किती बोलणार? मग त्यांनी शिंदेबाईंना सांगून दर शनिवारी दुपारी शाळेतच बैठक ठेवली. पेठेतल्या कुणीही यावं आणि शाळेबद्दल काय ते बोलावं. अट एकच, बसायचं ते पहिलीच्या बाकांवर. मास्तरांची खुर्ची रिकामी ठेवायची, समोर उभं राहून भाषण ठोकायचं नाही. मलाही दुकानात हात धरून कबूल करून घेतलंच. माझ्या घरात ना शाळेत जाणारं मूल, ना नातवंड. मुलगा आहे तो परदेशात. मी जाऊन काय दिवे लावणार होते? तरी गेले. गुडघे हनुवटीला लावून पहिलीच्या बाकावर बसलेले रिटायर्ड लोक, दुकानदार, गणपती मंडळाचे कार्यकर्ते बघून मला इतकं हसू येत होतं की विचारू नका. पण भाभींचा हिशेब बरोबर होता. त्या बाकावर बसून कुणाला फार रुबाब करता येत नाही.

पहिल्याच बैठकीत सगळ्यांत जास्त बोलले ते गोखले काका. पोस्टातून रिटायर झालेले, याच शाळेचे माजी विद्यार्थी, आणि पेठेतल्या प्रत्येक गोष्टीवर हरकत घेण्याचा त्यांना जन्मसिद्ध हक्क आहे असा त्यांचा समज. त्यांनी आमच्या वेळी काय शिस्त होती, काय पाढे होते, काय छड्या होत्या ते सांगायला सुरुवात केली. छड्यांचं वर्णन करताना तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बाकीचेही आपापल्या छड्या आठवायला लागले. शेवटी भाभी म्हणाल्या, "काका, तुमच्या वेळची मुलं आता म्हातारी झाली. त्यांना पहिलीत घेत नाहीत." काका म्हणाले, "मी वस्तुस्थिती सांगतोय." "सांगा की. पण पुढच्या जूनची सांगा."

एवढं होऊनही पेठेनं जे करायचं तेच केलं. आपल्याकडे एखाद्या गोष्टीवर प्रेम उतू जायला लागलं की आपण काय करतो? तिचा सत्कार करतो! तसा शाळेचा सत्कार ठरला. मंडळानं मांडव दिला, भिंती रंगवून घेतल्या, दारावर तोरण लावलं. शिंदेबाईंना शाल आणि नारळ, बाकीच्या बाईंना शाल आणि नारळ, शिपाईमामांना शाल आणि नारळ. गोखले काकांनी मानपत्र वाचलं. त्यात ज्ञानगंगा होती, संस्कारांची शिदोरी होती, काय नव्हतं म्हणता? टाळ्या झाल्या, मसाला दूध झालं, मोबाईलवर फोटो फिरले. घरी जाताना जो तो दुसऱ्याला सांगत होता, "शाळा वाचली बरं का!" मीही त्यातलीच. मलाही वाटलं होतं, वाचली.

आठवड्यानं भाभींकडे गेले तर त्या गप्प गप्प. विचारलं तर म्हणाल्या, "शिंदेबाईंना वरून फोन आला होता. पहिलीचे प्रवेश किती, विचारत होते. बाईंनी काय सांगावं? शाली आहेत म्हणून सांगावं?" त्या मांडवात बसलेल्यांपैकी एकाच्याही घरचं मूल शाळेत आलं नव्हतं. सगळ्यांनी शाळेवर प्रेम केलं आणि आपापल्या मुलांना व्हॅनमध्ये बसवलं.

पुढच्या शनिवारी भाभी तावातावानं हेच बोलल्या. सत्काराला आलात, प्रवेशाला का नाही? आणि गोखले काका, त्यांचं ते कोरडं बोलणं, चष्मा पुसत म्हणाले, "एक शंका आहे. आपली नात कुठल्या शाळेत जाते?"

काकांना जागच्या जागी काहीतरी फेकून मारावंसं मला वाटलं. पण शंका खोटी नव्हती. भाभींची नात सना इंग्लिश शाळेच्या केजीत जात होती, व्हॅननं, टाय लावून. जूनमध्ये तीही पहिलीतच जाणार होती. पेठेला हे माहीत नव्हतं असं नाही. आजवर कुणी तोंडावर विचारलं नव्हतं, इतकंच. भाभींनी पदर वर घेतला. मला वाटलं आता खास काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार. तर त्या म्हणाल्या, "तिच्या आईनं ठरवलंय. का ठरवलं ते मी सांगितलं तर मला सोयीचं तेवढंच सांगेन. पुढच्या शनिवारी तिलाच घेऊन येते. तुम्हीच विचारा."

आता ही सून म्हणजे रुबीना. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, दिवसभर हातमोजे, त्यामुळे हातात बांगडी नाही. साऱ्या पेठेत एवढाच एक हात भाभींच्या हातात कधी आला नव्हता, असं मी त्यांना चिडवायची. संगमनेरकडची मुलगी, स्वतः मराठी शाळेतून शिकलेली, मोजकं बोलणारी आणि कुणाला न घाबरणारी. भाभींचा मुलगा दोघींच्या मध्ये कधी पडत नसे, शहाणा होता. घरात त्या दोघी आपल्या बोलीत बोलत, पण चारचौघांत मराठीतच. भाभींचं म्हणणं, समोरच्याला कळणार नाही असं बोललं की ती कानगोष्ट होते.

शनिवारी रुबीना आली. लॅबमधून तशीच, खांद्याला पर्स. बाकावर बसली आणि म्हणाली, "विचारा."

काकांनी विचारलं, "आपल्याला या शाळेत काय कमी वाटतं?"

"आज मी आल्याबरोबर मुलींचं बाथरूम बघून आले. दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. ती बाहेरची पळून गेली तर? माझी मुलगी दिवसभर आवरून धरेल, पण जाणार नाही. दुसरं, पहिली-दुसरीला मिळून एकच बाई आहेत. त्यांना कधी सर्वेक्षण, कधी निवडणुकीचं काम. त्या गेल्या की वर्ग वाऱ्यावर. आणि तिसरं म्हणजे," इथं तिनं सगळ्यांकडे बघितलं, "इथं बसलेल्यांपैकी एकाचंही मूल या शाळेत नाही. तुम्ही सगळे आठवणी सांगताय. माझ्या मुलीला मी काय तुमच्या आठवणींत बसवू?"

कुणीतरी म्हणालं, "अहो, पण आपण सगळ्यांनी मिळून भिंती रंगवल्या ना!" रुबीना म्हणाली, "हो. बाहेरून."

मी भाभींकडे बघितलं. स्वतःच्या सुनेनं स्वतःच्याच बैठकीत सगळ्यांचं पितळ उघडं पाडलेलं. भाभी पदर सावरून शिंदेबाईंकडे बघत होत्या. आणि मग शिंदेबाई उठल्या. त्यांना वाटलं असतं तर त्या पन्नास कारणं देऊ शकल्या असत्या, मुख्याध्यापकांना ती पाठच असतात. त्या म्हणाल्या, "कडी नाही, खरं आहे. मी दोनदा मागितली, मग मागायची सोडून दिली. मला वाटलं, कुणाला पडलीय?" त्या खोलीत इतके शनिवार आम्ही बोलत होतो, पण खरं बोलायला सुरुवात त्या दिवशी झाली.

त्यानंतर जे झालं ते फार थोर वगैरे नव्हतं. मानपत्र कुणी लिहिलं नाही. गोखले काका दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मुलींच्या बाथरूमच्या दाराचं माप घ्यायला आले आणि कडी कुठल्या उंचीवर लावायची यावर शिपाईमामांशी भांडले. पहिलीतल्या मुलीचा हात पोचला पाहिजे, हा काकांचा मुद्दा होता आणि तो बरोबर होता. मंडळानं गणपतीच्या मांडवासारखीच पाण्याच्या टाकीची जबाबदारी अंगावर घेतली. बाईंना दुसरं काम लागलं तर वर्ग वाऱ्यावर राहू नये म्हणून पेठेतल्या चौघीपाचजणींनी वार वाटून घेतले. त्या आल्या की मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, पाढे घ्यायचे. माझ्या वाट्याला गुरुवार आला. मला कुणी विचारलं नव्हतं. भाभींनी हात हातात असताना सांगितलं, "गुरुवार तुमचा." रुबीना दर शनिवारी यायला लागली आणि आधी बाथरूमची कडी लावून बघायला लागली.

आणि मग पहिलीत नावं यायला लागली. आधी भाजीवाल्याच्या मुलीचं. मग शाळेतल्याच एका शिक्षकाच्या मुलाचं, त्याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. डोहाळजेवणवालीच्या मोठ्या जावेचा मुलगाही आला, भाभी म्हणाल्या, "बघा, पत्ता सांगून ठेवला होता." तरी वर्ग काही पुरा भरेना.

परीक्षा संपता संपता एका शनिवारी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा विषय निघाला. आधीच्या अध्यक्षांचा मुलगा सातवी होऊन बाहेर पडत होता. मंडळवाले म्हणाले, "रुबीनाताईंनाच करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोखले काकांनीसुद्धा! शिंदेबाई अडखळत म्हणाल्या, "नियम असा आहे की अध्यक्ष पालकच लागतो. ज्यांचं मूल शाळेत आहे, तेच."

सगळे रुबीनाकडे बघायला लागले आणि ती बाकावर नखानं रेघ ओढत बसली. एवढी सोन्यासारखी संधी, आणि भाभी? या बाईनं पोटातल्या पोराला शाळा ठरवून दिली होती. आता एक वाक्य टाकलं असतं की झालं होतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोला, बोला ना! त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीबाहेर बघत बसल्या. रुबीना म्हणाली, "मला विचार करू द्या," आणि पर्स उचलून निघून गेली.

दोन दिवसांनी मी तडक दुकान गाठलं. चिडलेच होते. म्हटलं, "भाभी, साऱ्या जगाला सांगता आणि घरच्या सुनेला एक शब्द नाही?"

त्यांनी माझा हात घेतला. भरायच्या बांगड्या काही निवडल्या नाहीत, नुसता हात धरून बसल्या. "वहिनी, हात आवळलेला असला की जोर करायचा नसतो. जोर केला की वाढते बांगडी."

"हे ठीक आहे. पण खरं सांगा."

बाहेर पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली, भाभींनी तिला हातानंच थांब म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? गेल्या वर्षी सून नको म्हणाली, इंग्लिश शाळेत घालू या म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आतून बरं वाटलं. लोकांना सांगत होते, घाला हो, घाला, काही होत नाही. पण सनाचा विचार आला की वाटायचं, हिचं काही कमीजास्त झालं तर? बाकीच्या पोरी पुढं गेल्या आणि ही मागं राहिली तर? सून आडवी आली म्हणून माझं झाकलं गेलं. आता मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? ती घालेल तर तिच्या मनानं घालेल."

इतकी वर्षं ज्या बाईचा मला थोडा धाक आणि पुष्कळ हेवा वाटत आला, तिचा हात त्या दिवशी माझ्या हातात घामेजला होता. खरं सांगते, भाभी मला त्या दिवशी जितक्या आवडल्या तितक्या आधी कधी आवडल्या नव्हत्या.

रुबीनानं सनाचं नाव घातलं. का घातलं, ते तिनं एका वाक्यात शिंदेबाईंना सांगितलं, "सनाच्या इंग्लिश शाळेत मी एकदा तक्रार केली, तर मला नियम वाचून दाखवला होता. इथं कडी लावली." जाताना सासूला मात्र काही बोलली नाही. भाभींना ही बातमी दुकानात गिऱ्हाइकाकडून कळली. त्या वेळी मी नव्हते. पण पायरीवर उभ्या असलेल्या बाईनं मला सांगितलं, की भाभींच्या हातून त्या दिवशी ओळीनं बांगड्या वाढवल्या गेल्या आणि शेवटी त्यांनी दुकानच लवकर आवरलं.

भाभी पुढच्याच थंडीत गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. बोळातल्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात आणि माझे हात मोकळे असतात. मेटलच्या मी घालणार नाही, सांगून ठेवते. शाळा आहे, यंदापुरती आहे, दर जूनला जीव टांगणीला लागतो, पण आहे. रुबीना अध्यक्ष आहे आणि गोखले काका तिच्यावर दर शनिवारी हरकत घेतात. माझा गुरुवार अजून चालू आहे. भाभींना त्या जूननंतरही मी कितीदा तरी भेटले असेन, पण आठवण काढली की डोळ्यांसमोर येतात त्या शाळेच्या फाटकापाशीच.

शाळेचा पहिला दिवस होता. फाटकाला झेंडूची माळ, शिंदेबाई गुलाबाची फुलं घेऊन उभ्या. पहिलीची मुलं येत होती, काही रडत, काही आईच्या साडीत तोंड खुपसून. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. रुबीना आणि भाभी सनाला घेऊन आल्या. नवा युनिफॉर्म, दोन वेण्या, लाल रिबिनी. सनाला आतमध्ये भाजीवाल्याची मुलगी दिसली, गल्लीतली तिची मैत्रीण, आणि ती उड्या मारायला लागली. "दादी, मी जाते! मी जाते ना!" पण तिला जाता येईना. तिचं मनगट भाभींच्या हातात होतं. ज्या हातांनी साऱ्या पेठेच्या बायकांना हात सैल सोडायला शिकवलं, त्या दोन्ही हातांनी ते एवढंसं मनगट असं घट्ट धरलं होतं, की सनाची बोटं पांढरी पडायला लागली होती. भाभींना त्याचं भान नव्हतं. त्या आत वर्गाच्या दाराकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले, पदर घसरून खांद्यावर आलेला आणि तो वर घ्यायला हात मोकळा नव्हता.

रुबीनानं त्यांचा पदर नीट डोक्यावर घेतला. मग त्यांच्या हातावर आपला हात ठेवून हळूच म्हणाली, "अम्मी, हात सैल सोडा."

भाभींनी सोडला. सना पळत आत गेली, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही पोरीनं. तशाच उभ्या राहून भाभी मला म्हणाल्या, "चला वहिनी, दुकान उघडायचंय." पण जागच्या हलल्या नाहीत.